इंदूरहून स्वराजद्वीप: बेटावर राहायचं आणि कयाक शिकायची, तर तयारी कुठून करायची

अंदमानला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात, राधानगरच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ काढतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परतीच्या विमानात बसतात. ज्यांना एकाच बेटावर दोन-तीन आठवडे राहायचंय, रोज सकाळी कयाक, म्हणजे दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, पाण्यात घालायचीय, आणि ज्यांनी नर्मदेपेक्षा मोठ्या पाण्यात कधी पाय घातलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

स्वराजद्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक. नाव २०१८ च्या डिसेंबरात बदललं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ पासून श्रीविजयपुरम झालंय, पण बोलण्यात अजून दोन्ही जुनी नावं चालतात, तिकीट काढताना दोन्ही लक्षात ठेवा. श्रीविजयपुरमच्या ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर हे बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवलं, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी. विजयनगर ऐकून इंदूरच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. इथल्या विजयनगरात मात्र सुपारीच्या बागा आहेत आणि त्यांच्या पलीकडे समुद्र.

वल्हं मारायला दोन-तीन दिवसांत येतं. भरती-ओहोटी बघून उठायचं, जेवायचं, बाजाराला जायचं, हे अंगवळणी पडायला आठवडा लागतो. म्हणून माझ्या मते तयारी उलट्या क्रमाने करावी: आधी पाण्याचं वेळापत्रक, मग वल्हं.

पहिली पायरी: भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा

तारखा ठरवायच्या आधी तिथी बघा. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच ओसरतं. अंदमानात हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार बेताचा.

हे आपल्याला का हवं? विजयनगर आणि गोविंदनगरचे किनारे उथळ आहेत. ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ, वाळूच्या पट्ट्या उघड्या पडतात. कयाक तिथे चालत नाही, घासते. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढाच वेळ खरा कामाचा. आता ही भरती रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते म्हटल्यावर हिशेब असा होतो: आज पहाटे छान पाणी मिळत असेल, तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी असणार. चक्र पुन्हा जागेवर यायला पंधरवडा लागतो. म्हणूनच मी एका आठवड्याचा मुक्काम सुचवत नाही. तो आठवडा चुकीचा निघाला, तर रोजची सकाळ ओल्या वाळूकडे बघण्यात जाईल. दोन आठवडे असले की त्यातला एक तरी हाती लागतोच.

कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. तो हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, अंदमानात लावू नका. इथल्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते असतात, आणि लाटा-वाऱ्याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज देते. एक गोष्ट मात्र स्वतः करता येते. पोचल्यावर पहिल्याच दिवशी पाणी कितीला भरलं ते तिथीसकट वहीत लिहा. पुढचे दिवस पन्नास-पन्नास मिनिटं मिळवत गेलं की अंदाज बरोबर येतो, आणि पंधरा दिवसांनी तीच वेळ परत आलेली दिसते. हे स्वतःच्या वहीत जुळलेलं पाहण्यात जो आनंद आहे, तो कुठल्याही ॲपमध्ये नाही.

दुसरी पायरी: इंदुरातच पाण्याची भीती घालवा

लाइफ जॅकेट असलं तर पोहता न येणाराही कयाकमध्ये बसू शकतो, हे खरं. तरीही पोहणं शिकूनच जा. उलटल्यावर जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, पण तेव्हा हातपाय गाळले तर पुढचं काही सुचत नाही. दोन महिने तरणतलावात जा आणि दोन गोष्टी पक्क्या करा: पाठीवर शांत पडून राहणं, आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी न घाबरता खोकून मोकळं होणं.

कयाकचा हात बसवायला आपल्याकडे पाणी आहे. भोपाळचा बडा तालाब सगळ्यात सोयीचा. राज्याची वॉटर स्पोर्ट्स अकादमीही भोपाळलाच आहे; ग्वाल्हेरच्या प्राची यादवने तिथेच सराव केला. पॅरालिम्पिकच्या कनू शर्यतीसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय, टोकियोला अंतिम फेरीपर्यंत गेली आणि पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. कमरेखाली पुरेसं बळ नसताना ती हे करते, हे वाचलं की ‘माझ्या वयात जमेल का’ हा प्रश्न जरा बाजूला पडतो.

महेश्वर जवळ आहे म्हणून अनेकांना तिथे जावंसं वाटतं. घाटासमोरचं संथ पाणी पाहायला सुंदर आहे, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं की नर्मदा अचानक वाढते. घाटावरच्या नावाड्याला विचारल्याशिवाय उतरू नका. सहस्रधारेला तर नवख्याने जाऊच नये. तिथल्या खळखळत्या धारांत २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कनू स्लॅलम, म्हणजे वेगवान पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी काढायची शर्यत, झाली होती. ते तयार खेळाडूंचं पाणी. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही रामसर यादीतले, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतले, पक्ष्यांचे तलाव आहेत, त्यांना आपण सोडून द्यावं.

तिसरी पायरी: महिना निवडा, प्रवास ठरवा

जानेवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा चांगला काळ. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस भारतात सगळ्यात आधी इथेच पोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळं. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे स्वराजद्वीप आणि शेजारच्या शहीदद्वीपवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाला त्यांना काढावं लागलं. फेरी बंद पडली की बेटावरून निघायचा दुसरा सोपा मार्ग नसतो. त्यामुळे परतीचं विमान आणि बेट सोडण्याचा दिवस यांत दोन दिवस मोकळे ठेवा. ते श्रीविजयपुरमला सहज कारणी लागतात.

इंदूरहून कोलकाता, चेन्नई किंवा बेंगळुरूला विमान बदलावं लागतं. उतरल्यावर फेरी. सरकारी फेरी स्वस्त आणि सावकाश, खासगी जलद आणि महाग. स्वराजद्वीपला जायला भारतीयांना वेगळी परवानगी लागत नाही, ओळखपत्र मात्र फेरीवर बघतात. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. उलटी येतेय असं वाटल्यावर घेऊन उपयोग नाही.

चौथी पायरी: पहिले दोन दिवस कयाकला हात लावू नका

हे मी आग्रहाने सांगते. या दोन दिवसांत करायचं काम एकच: दिवस बदलायचा.

अंदमान आपल्यापेक्षा सतरा रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. जानेवारीत इंदूरला सात वाजून गेल्यावर सूर्य दिसतो, तिथे पावणेसहालाच वर येतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. आपला इंदूरकर रात्री अकराला सराफ्यात खायला पोचणारा आणि सकाळी आठला पोहे-जलेबीसाठी बाहेर पडणारा. तसाच दिवस बेटावर काढला तर आठ वाजेपर्यंत ऊन चढलेलं असतं, वारा जागा व्हायला लागलेला असतो आणि दिवसातलं सगळ्यात शांत पाणी हातचं गेलेलं असतं. रात्री साडेआठ-नऊला झोपा, पहाटे साडेचारला उठा. दुपारी ऊन टाळून पडा. दुपारी बरीच दुकानंही बंद असतात, त्यामुळे बाहेर करण्यासारखं काही चुकत नाही.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकाच जागी किनाऱ्यावर बसून पाहा. ओहोटीला कुठले खडक वर येतात? भरतीत ते कुठे बुडतात? मच्छीमारांच्या डोंग्या कुठल्या वाटेने आत-बाहेर करतात? ती वाट म्हणजे खोल पाण्याची वाट, आपलीही तीच. वारा कुठून येतो हे नारळाच्या झावळ्या सांगतात. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. इथे ते अंगावर कळतात.

नवख्याने सगळ्यात जास्त घाबरायचं ते जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याला. कारण तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी काचेसारखं सपाट दिसतं. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून असतात, म्हणून पूर्वेच्या विजयनगरला बारीक लाटा असतात आणि पश्चिमेचं राधानगर निवांत वाटतं. पण तो निवांतपणा झाडीच्या आडोशाचा. शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलं की तोच वारा पाठीत बसतो आणि उघड्या समुद्राकडे ढकलू लागतो. जाताना काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून कळतही नाही. नियम साधा ठेवा: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना वारा पाठीशी घ्या. निघतानाच दम लागला तर त्या दिवशी परत फिरा.

पाचवी पायरी: आता वल्हं

सुरुवातीला वर उघडी बसायची, रुंद, प्लास्टिकची कयाक घ्या. पाय आत अडकत नाहीत. पहिले काही दिवस शिकवणाऱ्यासोबतच जा.

जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. बसताना पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले, तळवे समोरच्या टेकूवर. वल्हं डोक्यावर आडवं धरून कोपरं काटकोनात आली की हातांमधलं अंतर बरोबर. मूठ सैल. घट्ट धरलं की पहिल्याच तासात फोड येतात.

वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढत नेऊ नका, तिथे नुसती ताकद जाते आणि कयाकचं तोंड फिरतं. जोर दंडातून काढायचा नाही, धड फिरवून काढायचा. जात्यावर दळणारी बाई जशी सगळं अंग फिरवते, तसंच इथे. वळायचं असेल तर पुढून मागे मोठा अर्धगोल काढा. उजवीकडे काढला की तोंड डावीकडे जातं. थांबायचं असेल तर पातं उलटं, मागून पुढे.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा सांभाळायची आणि पुढच्याच्या लयीशी जुळवून घ्यायचं. नवरा-बायकोंनी ही वाटणी जमिनीवरच करून घ्यावी, पाण्यात वाद घालताना वल्ह्यावर वल्हं आपटतं.

आणि मुद्दाम उलटा. कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, शिकवणाऱ्यासमोर. कयाक पालथी झाली असेल तर आधी सरळ करा, वल्हं हातातून सोडू नका, दोन्ही हात मध्यावर ठेवून पायांनी जोरात पाणी मारत पोटावर चढा, मग कूस बदलून बसा आणि शेवटी पाय आत घ्या. हे सलग जमू लागल्याशिवाय छातीपेक्षा खोल पाण्यावर जायचं नाही. मोठ्या माणसांना हे करताना अवघड वाटतं, पण या सगळ्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

सोबत असावं: लांब बाह्यांचा सदरा, दोरी असलेली टोपी, टाचेला पट्टा असलेल्या चपला, प्रत्येकी एक लिटर पाणी, शिट्टी, आणि पाणी न जाणाऱ्या पिशवीत फोन. निघताना घरमालकाला कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत येतो ते सांगा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, तो फोनमध्ये ठेवा.

सहावी पायरी: खारफुटी आणि रात्रीचं पाणी

आठवडाभर किनाऱ्यावर हात बसला की खाडीतल्या खारफुटीत जावं, आणि तिथे माहितगाराशिवाय अजिबात जाऊ नये. शिरायचं पाणी चढत असताना, भरतीच्या थोडं आधी, आणि ओसरायला लागताच बाहेर. उशीर झाला तर कयाक चिखलात बसते, आणि त्या चिखलात उतरून चालता येत नाही. मुळांना हात लावू नका, त्यांवरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

मगरीचं स्पष्ट बोललं पाहिजे. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. २०१० मध्ये याच बेटाजवळ पाण्यात उतरलेल्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून खाडीच्या तोंडाशी पोहायचं नाही, हात-पाय पाण्यात लोंबकळत ठेवायचे नाहीत, सूचनाफलक दिसला की मागे फिरायचं. वाटाड्याला विचारा: इथे हल्ली मगर दिसली का, कुठे, केव्हा? नीट उत्तर देणाऱ्यासोबत जा. हसण्यावारी नेणाऱ्याला नमस्कार करून दुसरा शोधा.

रात्रीची फेरी ही पाण्यातला उजेड बघण्यासाठी. अतिसूक्ष्म जीव पाणी ढवळलं की निळसर चमकतात, वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला उजेड सांडतो. त्याला पूर्ण काळोख लागतो, म्हणजे पुन्हा कालनिर्णय. वद्य षष्ठी-सप्तमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र उशिरा उगवतो, आणि शुद्ध द्वितीयेपर्यंत लवकर मावळतो. तिथे साडेसहालाच अंधार होत असल्याने या दिवसांत रात्री जेवायच्या आधीच फेरी होऊन जाते. मोबाइलचा उजेड खिशात ठेवा, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. फोटोत ते फारसं येत नाही. बघून घ्यावं.

रोजचं जगणं

घर घेताना किनारा, बाजार आणि नळाचं पाणी एवढं बघा. बाजार गोविंदनगरला. बोलण्यात बंगाली, पण हिंदी सगळ्यांना येते. आपल्या इंदुरी हिंदीला लोक प्रेमाने उत्तर देतात. वयाने मोठ्या पुरुषाला दादा आणि त्याच्या बायकोला बौदी म्हटलं की ओळख लवकर होते.

मासे, भात, नारळ, केळी मुबलक. बटाटे-कांदे आणि बरीच भाजी मुख्य भूमीवरून जहाजाने येते, म्हणून महाग. समुद्र खवळला की दोन-चार दिवस मिळतही नाही. शाकाहारी माणसाने थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ आणि भाजके पोहे घेऊन जावं. शेव आपण नेणारच, पण हवाबंद डब्यात. तिथल्या दमट हवेत ती एका रात्रीत मऊ पडते. पाणी उकळून किंवा गाळलेलंच.

रोख पैसे जवळ असू द्या, एटीएम मोजके आहेत. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलंय, पण घरून काम करणाऱ्यांनी वीज जाते हे धरून चालावं. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पायांना चावतात आणि खाज आठवडाभर राहते. खोबरेल तेल लावून बसणं आणि खाजवणं टाळणं, एवढंच. प्रवाळाने कापलं तर गोड्या पाण्याने चोळून धुवा, बारीकशी जखमही तिथे लवकर चिघळते. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठ्या आजाराला श्रीविजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात जावं लागतं. रोजच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठवड्याच्या घ्या.

कचऱ्याबद्दल इंदूरकराला सांगायला नको, ओला-सुका वेगळा करणं आपल्या घरातलं शेंडेफळसुद्धा जाणतं. छोट्या बेटावर कचरा टाकायला जागा नसते. जो पडतो तो शेवटी समुद्रात जातो. आपण नेलेली प्रत्येक प्लास्टिकची पिशवी आणि बाटली परतीच्या बॅगेत भरा आणि इंदूरच्या कचरागाडीत घाला. त्या गाडीमागे यंत्रणा उभी आहे, बेटामागे नाही.

निघताना

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे, किनाऱ्यावर पडलेले असले तरी, आणू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते पकडलं जातं. मुलांनी खिशात भरलेलं आदल्या रात्रीच बघून घ्या. जॅकेट, चपला, सुकी पिशवी स्वतःची असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर चेन आणि बकल महिन्याभरात गंजतात. भरतीच्या वेळांची वही मात्र घरमालकाकडे ठेवून या. पुढच्या पाहुण्याला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.